बंदी असलेला वायू हवेत कोण सोडतंय, हे शोधतात कसं?

२०१८ च्या मे महिन्यात ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातली शास्त्रीय सावध भाषा बाजूला ठेवली, तर म्हणणं सरळ होतं. सीएफसी-११ या वायूच्या उत्पादनावर जगभर बंदी आहे, तरीही कुणीतरी तो पुन्हा बनवत असावं आणि त्याची नोंद कुठेच होत नाहीये.

हे सांगणाऱ्यांनी एकाही कारखान्यात पाऊल ठेवलं नव्हतं. कुणाची बिलं तपासली नव्हती, कुणा कामगाराशी ते बोलले नव्हते. अमेरिकेतल्या बोल्डर शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेत बसून ते जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आलेल्या हवेच्या बाटल्या तपासत होते. त्यानंतर वर्षभराने दुसऱ्या एका गटाने तर हा जादा वायू चीनच्या कोणत्या दोन प्रांतांतून प्रामुख्याने येतोय, हेही सांगितलं. तेसुद्धा हवाच तपासून.

हा वायू डोळ्यांना दिसत नाही. एकदा सुटला की साधारण वर्षभरात तो जगभर पसरतो. मग तो कुणी सोडला आणि किती सोडला, हे कळतं कसं?

आधी थोडी उजळणी

शाळेतला ओझोनचा धडा बहुतेकांना आठवत असेल. क्लोरोफ्लुरोकार्बन म्हणजे सीएफसी हे माणसाने बनवलेले वायू. फ्रीज, एसी, स्प्रेचे डबे आणि फोम बनवण्यासाठी ते वापरले जायचे. पेट घेत नाहीत, विषारी नाहीत, कशाशी सहज अभिक्रिया करत नाहीत, त्यामुळे कारखानदारांना ते आदर्श वाटले. पण याच गुणामुळे ते हवेत दशकानुदशकं टिकतात, हळूहळू वर स्थितांबरात पोचतात, तिथे अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यातून सुटलेला क्लोरीन ओझोन नष्ट करतो. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी हा धोका १९७४ साली मांडला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं ‘छिद्र’ जगासमोर आलं आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला.

या कराराने सीएफसींचं उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवलं. विकसनशील देशांसाठी शेवटची मुदत २०१० ची होती. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला आणि मुदतीच्या आधीच, १ ऑगस्ट २००८ पासून, आपल्याकडचं सीएफसी उत्पादन बंद झालं. अपवाद होता तो फक्त दम्याच्या इनहेलरसाठी लागणाऱ्या सीएफसीचा.

पर्यावरणाच्या आघाडीवर जगाने एकत्र येऊन खरोखर काहीतरी करून दाखवलं, याचं उदाहरण म्हणून आजवर हाच करार सांगितला जातो. म्हणूनच २०१८ च्या त्या निबंधाने एवढी खळबळ उडाली.

कागदावरचा हिशेब

एखाद्या वायूचं उत्सर्जन किती, हे सांगायच्या दोन पद्धती आहेत. पहिली कागदावरची. प्रत्येक देश दरवर्षी आपलं उत्पादन, आयात आणि निर्यात यांचे आकडे नैरोबीतल्या ओझोन सचिवालयाला कळवतो. उत्पादनात आयात मिळवायची, त्यातून निर्यात वजा करायची, की त्या देशाचा ‘वापर’ निघतो. मग त्यातला किती फ्रीजमध्ये गेला, किती फोममध्ये, कुठून किती वेगाने गळतो याचे अंदाज बांधायचे, आणि त्यावरून उत्सर्जनाचा आकडा काढायचा.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे आणि ती अनेकदा निसटते. मॉन्ट्रियल करार उत्पादन आणि वापर यांवर मर्यादा घालतो. हवेत किती सीएफसी सुटला, यावर त्याची थेट मर्यादा नाही आणि त्याचा आकडाही देशांना कळवावा लागत नाही. उत्पादन थांबलं की उत्सर्जन आपोआप थांबेल, असा हिशेब होता. तो बराचसा बरोबरही ठरला. पण जो माल नोंदवलाच गेला नाही, तो कागदावर दिसणार कसा? सीएफसी-११ चं जगातलं नोंदलेलं उत्पादन २००६ पासून जवळपास शून्य आहे. कागद म्हणत होता, सगळं आलबेल आहे.

टाकीचं गणित

दुसरी पद्धत थेट हवेला विचारण्याची. त्यासाठी सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकीला गळती आहे आणि ती किती आहे हे तुम्हाला माहीत आहे: तासाला साधारण २ टक्के पाणी जातं. वरून पाणी आणणारा व्हॉल्व्ह बंद असल्याचं वॉचमन छातीठोकपणे सांगतो. तुम्ही पातळी मोजता, तर ती तासाला १ टक्क्यानेच उतरतेय. म्हणजे वॉचमन काहीही म्हणो, वरून पाणी येतंय. किती येतंय, हेसुद्धा वजाबाकी करून सांगता येतं.

सीएफसी-११ च्या बाबतीत टाकी म्हणजे पृथ्वीचं वातावरण आणि गळती म्हणजे स्थितांबरात होणारा त्याचा नाश. या वायूचं सरासरी आयुष्य सुमारे ५२ वर्षं धरलं जातं. म्हणजे हवेतल्या साठ्याचा अदमासे २ टक्के भाग दरवर्षी नष्ट होतो.

आता पातळी. हवेत हा वायू नगण्य असतो: २०१२ च्या सुमारास हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे याचे साधारण २३५ रेणू होते. या एककाला पीपीटी म्हणतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण वातावरणच एवढं अवाढव्य आहे की १ पीपीटी म्हणजे सुमारे २३ हजार टन सीएफसी-११ होतो. तेव्हाचा एकूण साठा झाला साधारण ५५ लाख टन. त्यातला २ टक्के नष्ट होणार, म्हणजे वर्षाला लाखाहून थोडा जास्त टन. प्रत्यक्षात २००२ ते २०१२ या काळात पातळी वर्षाला सुमारे २.१ पीपीटीने, म्हणजे ५० हजार टनांच्या आसपास उतरत होती. उरलेले ५० हजार टन कुठून तरी हवेत येत होते. शास्त्रज्ञांनी अधिक बारकाईने काढलेला या काळाचा आकडा आहे वर्षाला ५४ हजार टन.

उत्पादन शून्य असताना एवढं उत्सर्जन? यात लगेच गुन्हा शोधायचं कारण नाही. बंदीच्या आधी बनलेला वायू जुन्या फ्रीजच्या आणि इमारतींच्या फोममध्ये अजून अडकून आहे आणि तो हळूहळू सुटतो. या साठ्याला शास्त्रज्ञ ‘बँक’ म्हणतात. नवीन ठेव जमा होत नसेल तर बँकेतून निघणारी रक्कम वर्षागणिक कमीच होत जायला हवी.

पातळी मोजणारी जगात प्रामुख्याने दोन जाळी आहेत. एक अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेचं. हवाईतल्या मौना लोआपासून दक्षिण ध्रुवापर्यंतच्या ठिकाणी बाटल्यांत हवा भरायची आणि बोल्डरला पाठवायची, असं त्यांचं काम. दुसरं ‘अगाज’ नावाचं आंतरराष्ट्रीय जाळं. त्याची मुळं १९७८ पर्यंत जातात आणि त्याची यंत्रं जागेवरच, दिवसातून अनेकदा हवा तपासतात. आयर्लंडचं मेस हेड, टास्मानियाचं केप ग्रिम ही त्याची जुनी ठाणी. केप ग्रिमला तर १९७८ पासून हवा टाक्यांमध्ये भरून जपून ठेवली आहे. पुढे कधी नवा वायू शोधायचा झाला किंवा जुना आकडा पुन्हा तपासायचा झाला, तर त्या वर्षाची हवा हाताशी असावी म्हणून. लोणचं मुरवत ठेवावं तशी कुणी हवा जपून ठेवत असेल, हे मला तरी हा लेख लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हतं.

यंत्राचं कामही बघण्यासारखं आहे. ‘मेडुसा’ नावाचं यंत्र साधारण २ लिटर हवा घेतं, ती उणे १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केलेल्या सापळ्यातून जाऊ देतं, त्यात हवे ते वायू गोठून अडकतात, आणि मग एकेक वायू वेगळा काढून मोजला जातो. एका नमुन्यातून चाळीसहून अधिक वायूंचे आकडे मिळतात.

२०१२ नंतर काय बिघडलं?

स्टीफन मॉन्झका आणि त्यांचे नोआतले सहकारी यांच्या लक्षात आलं की पातळी अजून उतरतेय, पण आधीच्या जवळपास निम्म्या वेगाने. आलेख खालीच जात होता, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला त्यात काही खटकलं नसतं. पण गळती तीच आणि पातळी उतरण्याचा वेग निम्मा, याचा अर्थ टाकीत येणारं पाणी वाढलंय. त्यांच्या हिशेबाने २०१२ नंतर उत्सर्जन वर्षाला सुमारे १३ हजार टनांनी, म्हणजे २५ टक्क्यांनी वाढलं होतं.

या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग पुढचा आहे. ‘कुणीतरी चोरी करतंय’ असं लगेच जाहीर न करता या गटाने आधी इतर संशयितांना एकेक करून तपासलं.

पहिला संशयित खुद्द वातावरण. स्थितांबरातली हवा खाली येण्याचा वेग दरवर्षी सारखा नसतो. वरची, सीएफसी कमी असलेली हवा एखाद्या वर्षी कमी खाली आली, तर जमिनीजवळची पातळी हळू उतरते आणि उत्सर्जन वाढल्याचा आभास होतो. हे खरंच काही प्रमाणात घडलेलं असू शकतं, हे त्यांनी मान्य केलं. पण मग असाच परिणाम इतर दीर्घायुषी वायूंवरही त्याच प्रमाणात दिसायला हवा होता. तो दिसला नाही.

शिवाय आणखी एक साक्ष होती. बहुतेक कारखाने उत्तर गोलार्धात आहेत आणि विषुववृत्ताच्या पलीकडे हवा मिसळायला साधारण वर्ष लागतं. त्यामुळे उत्तरेत हा वायू दक्षिणेपेक्षा किंचित जास्त असतो. उत्सर्जन आटत गेलं की ही तफावतही आटते. २०१२ नंतर ती उलट वाढली. उत्तरेत कुठेतरी नळ सुटला होता.

दुसरा संशयित म्हणजे जुनी बँक. जुन्या इमारती पाडण्याचा वेग अचानक वाढला असेल आणि फोममधला वायू मोठ्या प्रमाणात सुटला असेल का? आकडे जुळवायला बँकेतून सुटण्याचा वेग अवघ्या काही वर्षांत इतका वाढायला हवा होता की ते पटण्यासारखं नव्हतं. तिसरी शक्यता, दुसरं रसायन बनवताना चुकून उपपदार्थ म्हणून हा वायू तयार होण्याची. तीही एवढ्या मोठ्या आकड्याला पुरेना. उरला तो नव्याने, नोंद न करता होणारा उत्पादनाचा संशय. मौना लोआच्या नमुन्यांत सीएफसी-११ वाढलेला असे तेव्हा माणसाच्या उद्योगांतून सुटणारे इतर वायूही वाढलेले दिसत, आणि ती हवा पूर्व आशियाकडून आलेली असावी असा अंदाज होता. निबंध इथपर्यंत येऊन थांबला. देशाचं नाव नव्हतं.

एक प्रश्न इथे विचारायला हवा. गळतीचा आकडाच चुकीचा असेल तर? ५२ वर्षांऐवजी खरं आयुष्य ४५ किंवा ६० असेल तर? तर एकूण उत्सर्जनाचा आकडा बराच बदलतो आणि या क्षेत्रातली मोठी अनिश्चितता आजही तीच आहे. पण गळती २०१२ च्या आधी आणि नंतर तीच असेल, तर दोन काळांतला फरक त्या चुकीने फारसा हलत नाही. म्हणून ‘एकूण किती’ यापेक्षा ‘किती वाढलं’ हे अधिक खात्रीने सांगता येतं.

पत्ता कसा सापडला?

टाकीच्या गणितातून फक्त जगाचा एकूण आकडा मिळतो. पत्ता हवा असेल तर स्रोताच्या जवळ, पण अगदी शेजारी नाही, अशा ठिकाणी सतत मोजणारं यंत्र लागतं. चीनच्या पूर्वेला अशी दोन ठिकाणं होती: दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचं गोसान आणि जपानचं हातेरुमा बेट.

शेजारच्या इमारतीत कुणीतरी बोंबील तळतंय, पण कोणत्या घरात ते दिसत नाही, असं समजा. वारा एका बाजूने आला की वास येतो, दुसऱ्या बाजूने आला की येत नाही. पुरेसे दिवस नाक उघडं ठेवलं आणि प्रत्येक वेळी वाऱ्याची दिशा टिपून ठेवली, तर घर ओळखता येतं. गोसानचं यंत्र नेमकं हेच करतं. समुद्रावरून स्वच्छ हवा आली की सीएफसी-११ ची पातळी जगाच्या पार्श्वभूमीएवढीच असते. चीनच्या किंवा कोरियाच्या बाजूने आली की आकडा उसळी घेतो. २०१३ पासून चीनकडून येणाऱ्या हवेतल्या या उसळ्या आधीपेक्षा उंच होऊ लागल्या.

उसळीवरून पत्ता काढायला हवामानाची संगणकीय प्रारूपं लागतात. ज्या क्षणी उसळी आली, त्या क्षणापासून वेळ उलटी फिरवायची. यंत्रापासून हजारो काल्पनिक कण वाऱ्याच्या उलट दिशेने सोडायचे आणि गेल्या काही आठवड्यांत ही हवा कुठल्या कुठल्या जमिनीवरून सरकली होती, त्याचा नकाशा काढायचा. असे हजारो नकाशे एकावर एक ठेवले की प्रश्न उरतो तो एवढाच: जमिनीवर कुठे किती उत्सर्जन मानलं, तर या सगळ्या उसळ्या एकाच वेळी जुळतात? याला उलट प्रारूप म्हणतात, कारण इथे परिणामाकडून कारणाकडे जायचं असतं.

ब्रिस्टल विद्यापीठाचे मॅथ्यू रिग्बी, दक्षिण कोरियाच्या क्युंगपुक विद्यापीठाच्या सनयंग पार्क आणि त्यांचे सहकारी यांनी हे गणित वेगवेगळ्या प्रारूपांनी स्वतंत्रपणे करून पाहिलं. सगळ्यांची उत्तरं जवळपास सारखी आली. मे २०१९ मध्ये ‘नेचर’मध्येच ती प्रसिद्ध झाली. २००८-१२ च्या तुलनेत २०१४-१७ या काळात पूर्व चीनमधून होणारं सीएफसी-११ चं उत्सर्जन वर्षाला सुमारे ७ हजार टनांनी वाढलं होतं आणि वाढ मुख्यतः शानदोंग आणि हेबेई या दोन प्रांतांच्या आसपास होती.

जागतिक वाढ होती ११ ते १७ हजार टनांच्या घरात. म्हणजे पूर्व चीनने निदान ४० ते ६० टक्के वाढीचा हिशेब लागला. मग उरलेली? ती कुठून आली, याचं खात्रीचं उत्तर हवेतून मिळू शकलं नाही. कारण साधं आहे. गोसान आणि हातेरुमाला चीनचा पूर्व भागच ‘दिसतो’. पश्चिम चीनवरून, भारतावरून, आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या भागावरून येणारी हवा टिपणारं असं यंत्र त्या बाजूंना नव्हतं. त्यामुळे बातम्यांत ‘चीन दोषी’ एवढंच छापून आलं, ते अर्धंच चित्र होतं. इतर कुणी निर्दोष ठरलं नव्हतं, त्यांच्या बाजूला नाक नव्हतं इतकंच.

आणि कारखान्यांत काय सापडलं?

हवेतला पुरावा आणि जमिनीवरचा पुरावा या प्रकरणात जवळजवळ एकाच वेळी आले. जुलै २०१८ मध्ये लंडनच्या एन्व्हायर्नमेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी या संस्थेने अहवाल दिला: चीनच्या १० प्रांतांतल्या १८ कंपन्यांनी आपण फोम बनवायला सीएफसी-११ वापरतो, असं कबूल केलं होतं. त्याच सुमारास ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकारही शानदोंगमधल्या अशा कारखान्यांपर्यंत पोचले होते. वापरण्याचं कारण अगदी बाजारी होतं. कायदेशीर पर्यायांपेक्षा हा वायू स्वस्त पडत होता आणि फोम चांगला होत होता.

फ्रीजच्या दारात, कोल्ड स्टोरेजच्या भिंतींत भरतात तो ‘पफ’ म्हणजेच हा पॉलियुरेथेन फोम. तो फुगवायला वायू लागतो आणि फुगल्यावर त्यातला बराचसा वायू बारीक बुडबुड्यांत कोंडून राहतो. यामुळेच आणखी एक अडचण येते. हवेत जेवढा जादा वायू दिसला, तेवढाच बनला असं नाही. फोम करताना सुटला तो हवेत आला, उरलेला भिंतींमध्ये गेला. म्हणजे चोरून झालेलं उत्पादन हवेतल्या आकड्यापेक्षा बरंच मोठं असणार, आणि त्या फोममधून पुढची कित्येक वर्षं तो गळत राहणार.

चीन सरकारने तपासण्या आणि कारवाई केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या दोन शोधनिबंधांत त्याचा परिणाम दिसला. २०१८ ते २०१९ या एका वर्षात जागतिक उत्सर्जन सुमारे ६९ हजार टनांवरून ५२ हजार टनांवर आलं होतं आणि पूर्व चीनचा आकडाही जवळपास पूर्वीच्या पातळीला आला होता. त्याच भागातून सीएफसी-१२ आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांचं उत्सर्जनही त्याआधीची काही वर्षं अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचं याच अभ्यासात पुढे आलं. हे महत्त्वाचं अशासाठी की कार्बन टेट्राक्लोराइड हा सीएफसी-११ बनवायचा कच्चा माल आहे आणि सीएफसी-१२ त्याच प्रक्रियेत सोबत तयार होतो. मुद्देमालाबरोबर त्याचं सामानही हवेत सापडलं, म्हणा ना.

हे सगळं वेळेत थांबल्यामुळे ओझोनच्या थराचं भरून येणं फार लांबलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या शास्त्रीय आढाव्यानुसार, सध्याची धोरणं चालू राहिली तर ओझोन १९८० च्या पातळीला अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास, आर्क्टिकवर २०४५ आणि उरलेल्या जगावर २०४० च्या सुमारास येईल.

नियमात बसणारी गळती

बेकायदा उत्पादनाची गोष्ट सांगायला रंजक असते, पण हवेत सध्या वाढणाऱ्या काही वायूंच्या मागे कुणी चोर नाही. करारात एक पळवाट मुद्दाम ठेवलेली आहे: एखादं बंदी असलेलं रसायन दुसरं रसायन बनवायला कच्चा माल म्हणून वापरलं, तर ते ‘वापरा’त मोजायचं नाही. ते पूर्ण खर्ची पडतं, हवेत जात नाही, असं गृहीतक. २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की २०१० ते २०२० या काळात, म्हणजे संपूर्ण बंदीनंतर, पाच सीएफसींचं हवेतलं प्रमाण वाढतच गेलं. त्यातल्या तिघांचा संबंध फ्रीज-एसीत वापरल्या जाणाऱ्या नव्या, ओझोनला न दुखावणाऱ्या वायूंच्या निर्मितीशी लागतो. ओझोनवर त्यांचा परिणाम सध्या थोडा आहे. पण पर्याय बनवतानाच जुना त्रास गळतोय, हे चमत्कारिक आहे खरं.

जुन्या बँकेचंही तसंच. आमच्या घरचा जुना फ्रीज भंगारात दिला तेव्हा भंगारवाल्याने दारातच तांब्याची नळी पक्कडीने कापली. ‘फुस्स’ झालं आणि गॅस गेला. त्यात नेमका कुठला गॅस होता, हे ना त्याने विचारलं ना आम्ही. जगभरात असे किती फ्रीज आणि किती भिंती, याची मोजदाद नसल्यामुळे बँकेचा अंदाज वर्षानुवर्षं चुकत आला. एमआयटीच्या गटाने २०२० मध्ये केलेल्या विश्लेषणात ही बँक आधी समजत होते त्यापेक्षा मोठी निघाली. म्हणजे जेव्हा उत्सर्जन अपेक्षेपेक्षा जास्त दिसतं, तेव्हा दोष बँकेचा किती आणि नव्या मालाचा किती, हे वेगळं करणं आणखी अवघड.

भारतावरची हवा

भारत हा या नकाशावरचा मोठा कोरा तुकडा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर हवेचे नमुने घेतले आहेत, पण ते कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनसाठी. ओझोन नष्ट करणाऱ्या वायूंच्या बाबतीत आपल्याकडची मापनं एक तर स्रोतांपासून शेकडो मैल दूर झाली होती किंवा फार उंचावर, विमानमार्गांवर.

जून-जुलै २०१६ मध्ये ब्रिटनच्या एका संशोधन विमानाने उत्तर भारतावर कमी उंचीवरून उडत हवेचे नमुने गोळा केले. त्यावर आधारलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. देशाच्या आतल्या मापनांवरून भारताच्या या वायूंचा अंदाज बांधण्याचा हा जवळपास पहिलाच प्रयत्न. एसीत भरला जाणारा आर-२२, म्हणजे एचसीएफसी-२२, वर्षाला सुमारे ७,८०० टन सुटत असल्याचं त्यात निघालं. उत्तर आणि मध्य भारतातून कार्बन टेट्राक्लोराइड सुमारे २,३०० टन.

आर-२२ बनवताना एचएफसी-२३ हा उपपदार्थ तयार होतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीच्या दृष्टीने महाभयंकर आहे. तो जाळून टाकायला कारखान्यांना आंतरराष्ट्रीय योजनेतून पैसे मिळायचे. ते बंद झाल्यावर वायू पुन्हा हवेत सोडला जात असावा, अशीच विमानाची मापनं सांगत होती: वर्षाला सुमारे १,२०० टन. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने हा वायू कंपन्यांनी स्वखर्चाने जाळावा, असा आदेश काढला. विमान त्याच्या तीन-चार महिने आधी उडून गेलं होतं. आदेशानंतर काय झालं, हे त्या मापनांतून कळणार नाही. दोन महिन्यांची उड्डाणं म्हणजे एक फोटो. गोसानने पकडलं ते वर्षानुवर्षं चाललेल्या चित्रीकरणामुळे.

त्या फोटोतला सर्वांत मोठा आकडा मात्र वेगळ्याच रसायनाचा होता. डायक्लोरोमिथेन. रंग खरवडून काढायला, औषधनिर्मितीत, फोम उद्योगात सर्रास वापरलं जाणारं द्रावक. भारतातून त्याचं उत्सर्जन वर्षाला सुमारे ९६,५०० टन, हवेतल्या मापनांवरून २००८ साठी काढलेल्या अंदाजाच्या पाचपट. त्यातही क्लोरीन असतो. हवेत ते काही महिनेच टिकतं, त्यामुळे करार झाला तेव्हा ते वर ओझोनपर्यंत पोचेल असं कुणी गांभीर्याने घेतलं नाही. पण उष्ण कटिबंधात, विशेषतः मान्सूनच्या ढगांबरोबर, जमिनीवरची हवा झपाट्याने वर उचलली जाते. असे अल्पायुषी वायूही त्या लिफ्टमधून वर जातात.

डायक्लोरोमिथेन मॉन्ट्रियल कराराच्या यादीत नाही. त्यामुळे त्याचं उत्पादन किती, वापर किती, हे भारताला किंवा इतर कुठल्याही देशाला नैरोबीला कळवावं लागत नाही. या प्रकरणात ताडून पाहायला कागदावरचा आकडाच नाही. जो आहे तो २०१६ च्या पावसाळ्यात विमानातून गोळा केलेल्या हवेतला.